सोमवारचे पाचशे

"तुमचं डेबिट कार्ड दाखवा," मी म्हटलं.

"घरी राहिलंय, मॅडम."

"घरी म्हणजे शहाडला?"

"हो."

बालाजी खोटं बोलत होता, आणि ते मला समोरच्या स्क्रीनवर दिसत होतं.

मी घोडबंदर रोडवरच्या एका बँकेत ब्रँच मॅनेजर आहे. बालाजी तीन महिन्यांपूर्वी लातूरकडून आलेला, बावीस-तेवीसचा. कोलशेतच्या एका गोदामात कंत्राटदारामार्फत पॅकिंगला होता, शहाडला चौघांत एक खोली. पगार आमच्याकडे जमा व्हायचा. आता त्याला क्रेडिट कार्ड हवं होतं. आमचा सेल्सचा शिर्के त्याला जवळजवळ हाताला धरूनच माझ्या केबिनमध्ये घेऊन आला, कारण महिनाअखेर होती आणि त्याच्या टार्गेटला चार कार्डं कमी पडत होती.

फरक सोपा आहे. डेबिट कार्डाने तुमच्याच खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डाने बँकेचे जातात आणि ठरल्या तारखेला ते फेडायचे असतात, नाहीतर व्याज घाम काढतं. शहरात नव्याने आलेल्यांना मी नेहमी सांगते, आधी सहा महिने डेबिट वापरा, इथला खर्च कळू द्या. ते मान डोलावतात आणि बाहेर जाऊन शिर्केच्या फॉर्मवर सही करतात.

बालाजीने मात्र विचारलं, "क्रेडिटवर एटीएममधून पैसे निघतात ना?"

निघतात, पण पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. खात्यात स्वतःचे पैसे असताना कुणी हे कशाला विचारेल? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याचं स्टेटमेंट उघडलं होतं. दर सोमवारी सकाळी पाचशे रुपये काढलेले. एटीएम लातूर जिल्ह्यातलं.

"मागच्या सोमवारी कुठे होतात?"

"कामावर. सुट्टी कुठं मिळती, मॅडम."

"बघून कळवते," म्हणून मी त्याला वाटेला लावलं.

शिर्के वैतागला. "मॅडम, साधा पोरगा आहे. गावी कुणाकडे तरी कार्ड असेल."

"मग सांगायला काय झालं? ताकाला येऊन भांडं का लपवतोय?"

आमच्या धंद्यात 'म्यूल अकाउंट' नावाचा प्रकार असतो. खातं एकाचं, वापरणारा दुसरा. गरजू पोरांकडून कार्ड आणि पिन विकत घ्यायचे आणि फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवायचे. मागे अशा एका खात्यापायी मी पोलीस ठाण्यात दोन दिवस बसलेली आहे.

"खात्यात पगाराशिवाय एक रुपया आलेला नाही," शिर्के म्हणाला.

"सुरुवात अशीच होते," मी म्हटलं आणि त्याचं डेबिट कार्ड तात्पुरतं ब्लॉक केलं. एक फोन करून त्याला विचारता आलं असतं. केला नाही. चोराला सावध कशाला करा, हा माझा हिशोब. ब्लॉकचा मेसेज त्याला गेला, तो इंग्रजीत, ऑफरच्या मेसेजच्या ढिगात. मोबाईलवरचं पेमेंट चालूच होतं, त्यामुळे त्याला पत्ता लागला नाही.

मंगळवारी दुपारी शिर्केने कार्डाच्या फॉलोअपसाठी त्याला फोन लावला आणि ऐकता ऐकता स्पीकर सुरू करून माझ्या टेबलावर ठेवला.

"मी गावी आलोय, साहेब. रात्रीच्या गाडीनं निघालो. काल मायचा मेसेज नाही आला."

"आई मेसेज करते?" मी विचारलं.

"मेसेज बँकेचा येतो, मॅडम. कार्ड तिच्याकडं असतंय. दर सोमवारी बाजारला चालत जाऊन ती पाचशे काढती. मला कळतं, माय हिंडती-फिरती हाय."

"फोन नाही करत?"

"रोज करतो. फोनवर ती ठीकच असती. मागल्या महिन्यात चक्कर येऊन पडली, दोन दिवस आथरुणात होती, तरी फोनवर ठीकच. काल विचारलं, पैसे काढले का? म्हणली, काढले. मेसेज तर नाही. मग मला राहवलंच नाही."

मशीनने पैसे दिले नव्हते. पोराच्या जिवाला घोर नको म्हणून तिने काढले असं सांगितलं होतं. ती ठणठणीत होती.

"मग त्या दिवशी मला खरं का नाही सांगितलंत?"

"कार्ड दुसऱ्याला दिलं की गुन्हा असतो, असं रूमवरची पोरं म्हणली. तुम्ही खातं बंद कराल वाटलं. मोबाईल बंद पडला तर तिकडं हातात काहीतरी असावं म्हणून क्रेडिट मागत होतो."

गुन्हा नाही, पण नियमात बसत नाही. पैसे गेले तर बँक भरून देत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. कार्ड मीच ब्लॉक केलं होतं, हेही सांगितलं. मला फार लाज वाटली.

तो परत आला तेव्हा गोदामात त्याच्या जागी दुसरा लागला होता. न सांगता दोन दिवस गैरहजर. चूक माझी, म्हणून मी स्वतः कोलशेतला गेले आणि सुपरवायझरला समजावलं की गोंधळ बँकेकडून झालाय, मुलाला परत घ्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, खरं सांगा. बँकेची मॅनेजर एका हेल्परसाठी इथपर्यंत येते? पोरगं कुठल्या फ्रॉडमध्ये आहे का?"

मी नाही नाही म्हणत राहिले. जितकं नाही म्हणाले तितकी त्याची खात्री पटत गेली. बालाजीला त्याने घेतलं नाही.

महिनाभराने बालाजी ब्रँचमध्ये आला. घोडबंदरलाच एका दुकानात त्याला काम मिळालं होतं, पगार हजाराने कमी. गावच्या बँकेत त्याने आईचं वेगळं खातं उघडलं होतं आणि मेसेजसाठी नंबर स्वतःचा दिला होता. त्याचं नवं डेबिट कार्ड मी त्याच्या हातात दिलं. शिर्केला राहवलं नाही.

"आणि क्रेडिट कार्डाचं काय करायचं? मॅडम आता लगेच अप्रूव्ह करतील."

बालाजीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि खिशात घातलं.

"नको, साहेब. यातले पैसे माझे होते, तरी तुम्ही अडवले. त्यातले तर तुमचेच असतील."

बावीस वर्षांच्या नोकरीत क्रेडिट आणि डेबिटमधला फरक मी शेकडो लोकांना समजावला आहे. त्याच्याइतका चोख मला कधी सांगता आला नाही.