बार्बाडोसला यायचं तर पावसात या

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबईची गाडी फारच उशिरा आली, आणि तेवढा वेळ आई मला प्रवासाच्या सूचना देत उभी होती. तिने स्वतः चिपळूणपलीकडचं जग पाहिलं नव्हतं, पण त्याने तिचं काही अडलं नाही. "पानी बदललं की लगेच डोक्यावरनं आंघोळ करू नको. नव्या दर्यात उतरायच्या आधी तिथल्या मानसाला इचार. आनि कोनी खायला दिलं तर नको म्हनू नको, थोडं तरी घे." गाडी आली तशी ती माझ्या बॅगेची चेन उगाच उघडझाप करत राहिली. मी तेव्हा प्रवासी बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघालो होतो. पुढे त्या बोटीवरून या बेटावर उतरलो, एका हॉटेलच्या किचनला लागलो आणि राहूनच गेलो.

हल्ली आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून विचारणा होते. कुणाचा मुलगा बोटीवर लागलेला असतो, कुणाला मुंबईहून फिरायला यायचं असतं. "तिकडे यायचं तर काय काय लागतं रे?" प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहितो. वाडीत राहिलेल्यांनी वाचावं आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनीही.

पहिली गोष्ट विमानाची. बेटावर यायला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून खूश होऊ नका. मध्ये ज्या देशात विमान बदलाल, तो देश मागू शकतो. नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या. मिलिटरीच्या नक्षीची टोपी, पँट, बॅग यांतलं काही आणू नका, इथे कायद्याने बंदी आहे. आपल्याकडची निम्मी पोरं तीच टोपी घालून फिरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. बसथांब्यांवर दोनच प्रकारच्या पाट्या दिसतील, शहराकडे जाणाऱ्या बसची आणि शहराबाहेर जाणाऱ्या बसची. एवढ्यावर अख्खं बेट फिरता येतं. किनाऱ्यावर एखाद्या झाडाच्या खोडाला तांबडा पट्टा दिसला तर त्याच्या सावलीला बसायचं नाही. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण विषारी आहे, आणि पाऊस पडताना त्याखाली उभं राहिलं तर अंगावर फोड येतात. पश्चिमेचा समुद्र शांत आहे, पूर्वेचा नाही. आईची सूचना इथेही लागू पडते, उतरायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा.

आणि माणसाला काहीही विचारायच्या आधी "गुड मॉर्निंग" म्हणा. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, अनोळखी माणसालासुद्धा. आपल्याकडे भेटलं की थेट "काय, कुठं?" असं विचारतात. इथे ते उद्धटपणाचं वाटतं.

आई एकदा इथे राहायला आली, तेव्हा मी तिला हा एकच शब्द शिकवला होता. तो तिने संध्याकाळीही वापरला आणि कुणी हरकत घेतली नाही. शेजारच्या पर्लबाईंकडे ब्रेडफ्रूटचं झाड आहे. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. झाड बघून आईचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं कुणी भेटलं. तिने काप तळून ताटली कुंपणावरून दिली. त्या दिवसापासून दोघी रोज पडवीत बसायच्या. एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि दोघींना सगळं कळायचं.

पण आई आली चुकीच्या दिवसांत. ती म्हणाली होती, "भात कापून झोडून झालं की येते, काजू पडायच्या आत परत जाते." आपल्या घरात कुठलाही बेत असाच ठरतो, लग्नाचा असो की औषधपाण्याचा. मीही लगेच हो म्हणालो. भात झोडून झालं की इथे डिसेंबर येतो, आणि डिसेंबर ते एप्रिल म्हणजे हॉटेलचा भर सीझन. सगळी जाहिरातवाली मंडळी सांगतात की बेटावर यायला हेच दिवस उत्तम. गोऱ्या पाहुण्यांसाठी ते खरं आहे. त्यांचं जेवण रांधणाऱ्याच्या आईसाठी नाही. मला सुट्टी मिळेना. सकाळी ती उठायच्या आत मी निघायचो आणि दमून परत यायचो. दुपारी ब्रेकमध्ये किचनच्या मागच्या पायरीवर बसून तिला फोन करायचो.

एका दुपारी ती म्हणाली, "बाबू, मी गावाला असले तरी तू फोनवरच भेटतोस, नि हितं आले तरी फोनवरच. मग इमानात कशाला बसवलंस मला?"

ती हसत म्हणाली होती. मला काही हसता आलं नाही.

ती गेल्यावर घर खायला उठलं. पर्लबाईंनी काही दिवस कुंपणावरून नीरफणस देणं चालू ठेवलं, मग त्यांनाही कळलं की मी ते कापतच नाही. जूनपासून हॉटेल ओस पडतं. मग मला हवी तेवढी सुट्टी असते आणि पडवीत दुसरी खुर्ची रिकामी असते. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. तुमचं माणूस इथे असेल तर जून-जुलैत या. वादळांचे दिवस असतात, विमा काढा, हवामान बघत राहा, पण त्या दिवसांत तुमचं माणूस घरी असतं.

हे सगळं मी आईला फोनवर कितीदा तरी सांगितलं. ती म्हणायची, "मिरगात कोन घर सोडतं?" गेल्या आठवड्यात मात्र स्वतःहून म्हणाली, "यंदा मिरगातच येते."

"नि लावणी?"

"शेत पड ठेवते. कंबर धरते आता. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. तिच्यासाठी बिनकाट्याचे मासे कुठे मिळतील ते मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. फोन ठेवल्यावर मात्र पडवीतून उठवेना. इतकी वर्षं पावसाळ्यात एकटं वाटलं की मी डोळे मिटून आमचं खाचर आठवायचो. डोक्यावर प्लास्टिक घेऊन आई वाकलेली दिसली की घर जागेवर आहे असं वाटायचं. माझ्यासाठी घर म्हणजे तेवढंच उरलं होतं. यंदा आई माझ्या शेजारच्या खुर्चीत असेल. डोळे मिटले तर खाचरात नुसतं गवत दिसेल.