खुशालरावांचं हिरवं वावर

वलगावच्या खुशालरावांच्या पोटातलं कधी कुणाला काढता आलं नाही. बियाण्याचं वाण विचारलं तर ते तोंड फिरवत. सरकारी पाहणीला आलेल्या मास्तरांनाही त्यांनी एकरांचा आकडा सांगितला नाही. पण फोनवरच्या 'हिरवं वावर' या खेळापुढे हा महापुरुष पार उघडा झाला. खेळानं नाव-गाव विचारलं, फोनमधले सगळे नंबर बघू का विचारलं, तुम्ही कुठे आहात ते या सगळ्या मित्रांना कळवू का विचारलं. हे 'परवानगी आहे' दाबत गेले, कारण त्याशिवाय पेरणी सुरू होत नव्हती.

मग बियाणंवाले, ट्रॅक्टरवाले, विमेवाले थेट नावानं फोन करू लागले. खेळानं आपल्याला बाजारात मांडलंय हे कळायला अक्कल लागते. यांना अभिमानच वाटला. "कंपनीवाले वळखतात मले!"

खऱ्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी त्या साली बोंडअळीनं खाल्ली. शेती करणाऱ्या पोराला कुणी मुलगी देईना. खुशालरावांच्या अंकुरला तीन नकार आले होते. चौथं स्थळ अकोल्याच्या देवरावांचं. शेजारच्या शेषरावानं भांजी मारू नये म्हणून 'बडनेऱ्याले जातो' अशी थाप मारून बापलेक अकोल्याला गेले. बैठकीत चहा यायला वेळ होता, तेवढ्यात खुशालरावांनी हळूच फोनातल्या पिकाला पाणी दिलं.

"शेती कोन पायते?" देवरावांनी विचारलं.

"मीच! सकायी गेलो का दिवस बुडाल्यावरच घरी."

इतक्यात शेषरावाचा फोन आला. आवाज सगळ्या बैठकीला ऐकू गेला. "अकोल्याले काय करून राहिले, भाऊ? मले तं बडनेरा सांगतलं होतं!"

देवरावांचाही फोन वाजला होता. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "तुमचे मित्र खुशालराव, वलगाव, आत्ता अकोल्यात 'हिरवं वावर' खेळत आहेत. रोज सरासरी पाच तास." मग चष्मा काढला. "वावर तं झकास हाये तुमचं. पन माह्या पोरीनं नांदावं कुठी, फोनात?"

चहा आलाच नाही.

परतीच्या गाडीत अंकुरनं बापाच्या हातातून फोन हिसकावला आणि खेळ काढून टाकायला घेतला.

खुशालरावांनी त्याचा हात धरला. "थांब ना लेका. कापूस येचनीवर आला हाये."