उतारावर फिरणारे पाय

तुंगार्लीच्या चढावर सकाळी भागुबाई दिसली नाही, तर दूधवाल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. साडी वर खोचलेली, तिच्याखाली नवऱ्याची जुनी पँट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि कुणा कॉलेजच्या पोराची वाटावी अशी सडपातळ काळी सायकल. चढावर तिचे पाय फिरायचे, त्यात नवल नव्हतं. नवल संध्याकाळी. उताराला लागली तरी तिचे पाय फिरतच राहायचे.

"मावशी, पाय थांबव की! उतार हाय!" टपरीवरची माणसं ओरडायची.

"थांबत न्हाईत, बाबा. तुजी जीब थांबती का?" असं म्हणेपर्यंत ती वळणापलीकडे गेलेली असायची.

ती तीन बंगल्यांची झाडलोट करायची. त्याच बंगल्यांमध्ये तिचे यजमान बाजीराव माळीकाम करायचे. इतकी वर्षं दोघं संध्याकाळी हा उतार बरोबर चालत उतरले. बाजीराव बोलायचे, कुठल्या झाडाला कीड लागली, कुठल्या पाहुण्यांनी गवतावर गाडी घातली, आणि ही नुसती हूं हूं करायची. ते गेल्यावर तिला कळलं की चढ एकटीनं चढता येतो. तेव्हा माणूस धापा टाकत असतो. उताराचं काय करायचं, हे तिला कळेना. पाय आपोआप पडतात आणि डोकं मोकळं राहतं.

ते गेले त्या वर्षी पावसाळ्यानंतर एका बंगल्याच्या मालकांची मुलगी चैताली नोकरीसाठी बंगळुरूला निघाली. स्वस्तात मागवलेली आणि गॅरेजमध्ये गंजत पडलेली सायकल तिनं भागुबाईपुढे आणून उभी केली.

"मावशी, ही घेऊन जा. पण सांभाळून हां. हिचं पायडल चाकाबरोबर फिरत राहतं. रेसच्या ट्रॅकवरची आहे."

भागुबाईनं 'घेऊन जा' तेवढं ऐकलं. लहानपणी माहेरी, उर्श्याला, खळ्यावर भावाची सायकल चालवलेली होती. पहिल्याच उतारावर तिनं सवयीनं पाय थांबवले आणि पायडलानं तिला उचलून घाणेरीच्या झुडपात फेकलं. कोपर सोलून निघालं. घरी पोचल्यावर कुलूप उघडताना तिच्या लक्षात आलं, आज सबंध उतारात बाजीरावांची आठवण आली नाही.

मग ती सायकल तिची झाली. बाजारातल्या निलेशकडून तिनं पुढचा ब्रेक बसवून घेतला. वाकडं हँडल काढून एका मोडीतल्या सायकलीचं सरळ हँडल लावलं. बारीक टायर खड्ड्यात टिकेनात, म्हणून चौकटीत मावतील तेवढे जाड घातले. सीट बदलली, घंटी आली. प्रत्येक वेळी निलेश मागच्या चाकाकडे बोट दाखवायचा.

"मावशी, हितं फ्रीव्हील टाकू का? म्हंजी पाय थांबवलं तरी चाक फिरंल. अर्धवट सायकल दिलीय तुला बंगलेवाल्यांनी."

"ऱ्हाऊ दे तसंच."

लोणावळ्याच्या ओल्या हवेत लोखंड टिकत नाही. पाहुणे परतले की सोमवारपासून बंगल्यांना कुलपं लागायची, काम थोडं असायचं. ती बंगल्याच्या पोर्चमध्ये सायकल उलटी ठेवून जनरेटरच्या उरलेल्या डिझेलनं चेन पुसायची, शिलाई मशीनचं तेल एकेका कडीला द्यायची. चेन ढिली वाटली की मागचे नट सैल करून चाक थोडं मागे ओढायची आणि बोटानं दाबून बघायची. चाक फिरवलं की पायडलं फिरत. धुक्यानं भरलेल्या त्या पोर्चमध्ये तिच्याशिवाय हलणारं तेवढंच होतं.

लेक यशोधरा घोरावाडीला दिलेली. एका रविवारी ती भेटायला आली आणि बाजारातून येताना तिनं आईला उतारावर पाहिलं. चेहरा लाल, पाय भरभर फिरतायत. आईला काही न बोलता दुसऱ्या दिवशी पहाटेच ती सायकल निलेशकडे घेऊन गेली.

"दादा, हिचं मागचं चाक जाम आहे. आईच्या गुडघ्यांचं काय होईल? नीट करून द्या."

निलेशला तेवढंच निमित्त हवं होतं. जुनं दातेरी चक्र त्यानं काढून टाकलं, नवं फ्रीव्हील चढवलं आणि मजुरीही घेतली नाही.

त्या संध्याकाळी भागुबाई उताराला लागली. सवयीनं पाय फिरवले, तर पायडलं हलकी, पोकळ. पाय थांबवले, तर थांबले. मागे टिकटिक, टिकटिक सुरू झाली. सायकल आपली आपण चालली. तिच्याकडे करायला काही उरलं नाही. दुसऱ्या वळणावर तिनं ब्रेक दाबला, उतरली आणि हँडल धरून चालू लागली. रस्त्याची एक बाजू सायकलीनं धरली होती. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. ती एकदा "हूं" म्हणाली आणि स्वतःच दचकली.

सकाळी ती निलेशच्या दुकानाच्या फळीवर जाऊन बसली.

"आधीचं चक्र दे बसवून."

"तुझ्या लेकीनंच बदलाय लावलं. गेलं की ते भंगारात. कालच पोतं उचललं भंगारवाल्यानं." निलेश हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं हसणं आवरलं. "अगं, पुण्याला विचारतो."

त्यानं दोन दुकानांना फोन लावला. असलं सुटं चक्र कुणाकडे नव्हतं; घ्यायचं तर सबंध चाकच घ्या म्हणाले.

"मंग हेच फ्रीव्हील जाम कर," भागुबाई म्हणाली.

"काय?"

"वेल्डिंग मार. बंगल्यांची गेटं जोडत्यात, त्ये जुळतंय, तर हे का न्हाई जुळायचं?"

"मावशी, लोकं जाम झालेलं सोडवायला येत्यात माझ्याकडं!"

"मी जाम करायला आले."

शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दोघं चाक घेऊन गेले. वेल्डरनं ते उलटसुलट केलं. चाकाच्या मधला हब लोखंडी होता, हलक्यातला, म्हणून जमणार होतं; भारी सायकलीचा ॲल्युमिनियमचा असता तर वितळला असता. त्यानं काच तोंडावर ओढली आणि पुन्हा वर केली.

"मावशी, एकदा जोडलं की जोडलं. उद्या पाय दुखले, म्हणालीस मोकळं कर, तर होणार न्हाई. चाक फेकावं लागंल."

निलेशनंही विचारलं, "तुझ्या लेकीला काय सांगू मी?"

भागुबाईनं शेडच्या काळ्या पडलेल्या भिंतीकडे बघितलं. "तिला कशाला सांगतो? मार."

ठिणग्या उडाल्या. तिनं तोंड फिरवलं नाही, म्हणून वेल्डर तिच्यावर खेकसला.

संध्याकाळी कामं उरकून ती उताराच्या तोंडाशी आली. बसली, आणि पहिल्याच घसरणीला पायडलानं तिचा उजवा पाय खालून वर उचलला. मग डावा. टिकटिक नव्हती. गुडघ्यात जुनी कळ आली, दम लागला, पुढच्या ब्रेकवर बोटं आवळली, आणि वळणांमागून वळणं ती काहीही न आठवता उतरली.

मध्येच पदरात बांधलेला फोन वाजला. थांबता येत नव्हतं. वाजून वाजून बंद झाला. खाली सपाटीवर आल्यावर तिनं वेग मोडला, उतरली आणि लेकीला फोन लावला.

"कुठं होतीस गं? उचलला नाहीस."

"उतारावर व्हते."

"आई, बरं वाटतंय ना आता? पायांना आराम पडतोय ना?"

भागुबाईचे पाय थरथरत होते. एक हात सायकलीच्या सीटवर ठेवून ती उभी राहिली.

"पडतोय की," ती म्हणाली. "लय आराम पडतोय."