मामांच्या मातीला नावं ठेवली!

मंडळी, आज सकाळी मी एका जास्वंदीपायी घरात भांडण लावलं.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, तीर्थपुरीहून येताना रानातली काळी माती पोतं भरून आणतात. इथं जालन्यात आमच्या गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांत तीच. पण जास्वंदीची पानं पिवळी पडून राह्यली, कळ्या उमलायच्या आधीच गळून राह्यल्या. मंग आज किट आणून मातीचा सामू, म्हणजे पीएच तपासला. जास्वंदीला साडेसहाच्या आसपास लागतो. इथं आठच्या वर, म्हणजे माती क्षाराची!

मी सरळ म्हणाले, "मामा, ही माती हिला चालत न्हाई. झाडाला लोह मिळंना."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "याच मातीत आमचा कापूस छातीएवढा होतो. तुझ्या माहेरी तर नुसता मुरूम!"

प्रकरण माहेरावर आलेलं बघून नवरा मध्ये पडला. "बाबा, आपल्या बोअरचं पाणी पण क्षाराचंच आहे ना."

"मंग तसं म्हणा की! माती बिलकुल बराबर आहे." मामांनी चहा संपवला अन् गावाकडं फोन लावला. "अजून दोन पोती माती धाडा. जालन्याच्या पाण्यानं इथली पार बिघडवली."

कुणाला गच्चीवर कापूस लावायचाय का? माती घरपोच देते. फक्त मामांना कळू देऊ नका.