सुमनकाकूंचा सोमवारचा उपास

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सोमवार, म्हणजे आमच्या गावचा बाजार. ग्रामपंचायतीनं दुपारी बाजारओट्यावरच बैठक बोलावली होती... विषय एकच, नवीन बाजारकर.

प्रस्ताव साधा होता. टोपलीवालीपासून टेम्पोवाल्यापर्यंत जो कोणी इथे माल विकेल, त्यानं विक्रीप्रमाणे थोडा कर द्यायचा. त्यातून बाजारात नळ, दिवे, साफसफाई आणि बायकांसाठी संडास.

मी कडाडून विरोधात. मिठावरच्या करापासून आजपर्यंत गरिबाच्या टोपलीवर कुठे कुठे हात पडला, ते मी वाचलेलं आहे आणि मला ते बोलताही येतं. माईक हातात आला आणि मी सुटलो...

शेवटचं अस्त्र मी राखून ठेवलं होतं, सुमनकाकू. त्या बीबी गावाहून भाजी घेऊन येतात, ओट्याच्या कोपऱ्यात बसतात. वांगी घ्या, मेथी घ्या, वरून मूठभर सांभार फुकट. (कोथिंबिरीला आम्ही सांभारच म्हणतो.) मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक. चहा विचारा, पाणी विचारा, उत्तर ठरलेलं... "नाही भाऊ, आज उपास हाये."

तेच मी ठणकावून सांगितलं. ही माउली दर सोमवारी निर्जळी उपास धरून उन्हात बसते, तिच्या घामावर तुम्ही कर लावणार? टाळ्याच टाळ्या. सरपंचताईंचा चेहरा उतरला. तेव्हाच हात वर करायला सांगितले असते, तर प्रस्ताव जागेवर पडला असता.

तेवढ्यात कोपऱ्यातून काकू उठल्या.

"भाऊ, मायासाठी बोलले, बरं वाटलं. पण उपास कायचा? पाणी पेलं का मंग जाऊ कुठी?"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"चारचौघांत काय सांगाव, म्हून उपास सांगतो. या साऱ्या बायांचा सोमवार असाच हाये. मले मुतखडा झाला तं डॉक्टर म्हणे, पाणी पेत जा. त्याले काय मालूम बाजार कसा राह्यते!"

एका दुकानदारानं टोमणा हाणला, "काऊन काकू, पैसे लय झाले का?"

"तुहं घर दुकानामागं हाये बे! मायं बीबीले हाये!"

हशा पिकला. मला मात्र हसू येईना. एवढी पुस्तकं पालथी घातली, पण भर उन्हात बसलेली बाई पाणी का नाकारते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उलट तिच्या तहानेवर मी टाळ्या घेतल्या होत्या...

काकूंचं अजून संपलं नव्हतं. "कर देऊ. पण पहिले संडास बांधा, मंग पावती फाडा. अन् चावी पंचायतीत नाही, आमच्याजवळ राहीन."

मी पुन्हा माईक मागितला. आधीचं भाषण मागे घेतो म्हणालो, आणि काकूंच्या अटीतला एक शब्द जरी गळाला, तर याच ओट्यावर सगळ्यात मोठा आवाज माझा असेल हेही बजावलं. मग पहिला हात मीच वर केला. सरपंचताईंनी अट तिथेच लिहून घेतली.

मित्र विचारतात, पलटलास कसा? माझं भांडण कराशी होतं आणि आहेच. पण जो कर आधी काम दाखवतो आणि चावी कर देणाऱ्याच्याच हातात ठेवतो, त्याच्यासाठी मी कुठल्याही चौकात छातीठोक बोलेन. या, ऐकायला या!

परवाच्या सोमवारी बाजारात गेलो. ओट्यामागे नवी भिंत, चुन्याचा वास अजून ताजा. चावी काकूंच्या कमरेच्या पिशवीला आणि टोपलीखाली दाबलेली कराची पहिली पावती.

सवयीनं पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी घेतली, मान वर केली आणि रिकामी करूनच परत दिली.

"आता चहा सांगा, भाऊ."

दोन सांगितले. एरवी माझ्या हातातून माईक काढून घ्यावा लागतो... परवा मात्र "थँक्यू काकू" एवढंच तोंडातून निघालं.