दादाचे बेटावरचे बूट

त्या सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. न्यूझीलंडमध्ये मॅच असली की आमच्या भास्करदादाचा केनवडहून फोन यायचाच. हात चिखलाचे असले तर तो वहिनींना नंबर लावायला सांगायचा. म्हणून मी फोन उचलल्या उचलल्याच म्हटलं, "हो रे बाबा, लावते टीव्ही, पाहते तुझे डोंगर." पलीकडून वहिनींचा आवाज आला, "ताई... तुमचे दादा उठून नाही राह्यले." वाशिमहून केनवडपर्यंत गाडीत मी एकच गोष्ट मनाशी घोकत होते, की आत्ता तो उठून बसेल आणि मला म्हणेल, कायले आली वं धावत? घरी तवा तसाच गॅसवर राहिला होता, शेजारणीने बंद केला म्हणे.

दादा माझ्यापेक्षा मोठा. गावाला लागून असलेल्या तुकड्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि एका बाजूला हळद. भाजीपाल्याच्या माणसाला सुट्टी अशी नसतेच, आज मेथी उपटली नाही तर उद्या ती बाजारात कुणी विचारत नाही. पण तिकडच्या मॅचेस आपल्याकडे भल्या पहाटे लागायच्या, आणि दादा चहा पिता पिता टीव्हीसमोर बसायचा. धावा, विकेट, कशाशी काही घेणं नाही. "मंगल, तो बॉल सोड. त्याच्या मागं पाह्य. लोकं धुऱ्यावर बसून मॅच पाहून राह्यले!" खरंच, मैदानाच्या कडेला शेताच्या बांधासारखा गवताचा हिरवागार उतार आणि त्यावर माणसं निवांत पसरलेली. "एवढं गवत, अन् एक म्हैस नाही. काहून असंन वं?" मी शाळेत भूगोल शिकवायची, म्हणजे तिथल्या म्हशींचा हिशेबही माझ्याकडेच असणार, असं त्याला वाटे.

मग एका दिवाळीत तो म्हणाला, "आपुन जाऊ तिकडं. तू, मी अन् तुही वहिनी." मी हसले. तो हसला नाही. त्या दिवसापासून माझा जुना नकाशा केनवडच्या ओसरीत अंथरला गेला तो गेलाच. एका देशात बर्फाचे डोंगर, उकळत्या चिखलाची तळी, घनदाट जंगलं आणि चहूकडून समुद्र, हे ऐकून तो हरखून जायचा. "हे तं अख्खी दुनिया एका वाफ्यात लावल्यासारखं झालं!" त्याला आधी बर्फ पाहायचा होता. वहिनींनी समुद्र कधी पाहिलेला नाही, त्या ऐकायला तयार नव्हत्या. "बर्फ फ्रीजात पाहा तुमी. मले समुद्र पाह्यचा हाय." यावरून दोघांची अशी जुंपायची की पाहुण्याला वाटावं वाटणीचं भांडण आहे. आमचं वावर मोकळं असतं मे महिन्यात, आणि तेव्हा तिकडे थंडी सुरू होते, हे मी सांगितलं तर दादा उलट खूश झाला. "बर्फ पाह्यचा तं थंडीतच जावं लागते ना!" पासपोर्ट निघाले. यंदाच्या पिकाची हळद शिजवून विकली की तिकिटं काढायची, असं ठरलं.

अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. आमच्या घराची रीत अशी की कुणाच्या गावाला जायचं तर घरच्या बियाची पुरचुंडी सोबत न्यायची. दादाने काटेरी वांग्याचं बी राखून ठेवलं होतं. "त्यायनं एकदा हे वांगं खाल्लं पाह्यजे." मी सांगितलं, तिथे बी नेऊ देत नाहीत, बुटाला माती असली तरी विमानतळावर तपासतात. दादाचा चेहरा पडला. "माह्या पायाले माती नाही असा दिवस कोनता हाय वं?" दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "बरोबर हाय त्यायचं. मी नाही का दुसऱ्याच्या वावरातून आलेल्याले पाय धुतल्याबिगर रोपाच्या वाफ्यात येऊ देत?" हे खरं होतं. त्याच्या रोपांपाशी जाताना मलाही नळाखाली पाय धरावे लागत. मग त्याने फक्त त्या बेटांवरच्या देशासाठी म्हणून नवे बूट घेतले. त्यांना माती लागू द्यायची नाही. पण नवे बूट चावतात, म्हणून रोज सकाळी मॅच पाहत ओसरीतल्या ओसरीत तो ते घालून फिरायचा. खाली लुंगी आणि पायात पांढरे बूट! मी किती हसले असेन...

शेवटच्या सकाळीही तो तसाच फिरत होता, वहिनींनी नंतर सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या वावरातून हाक आली, पाईप फुटला, मेथीत पाणी घुसलं. तो होता तसा धावला. परत आला तो बूट चिखलाने भरलेले. वहिनी ओरडल्या, "आता हे कोन धुईन?" "मीच धुतो, तुले कोन सांगून राह्यलं?" म्हणत तो नळापाशी बसला. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता. एक बूट धुऊन उन्हात ठेवला होता, दुसरा हातात होता.

तेरवीला जोडे दान देतात. जाणती माणसं म्हणाली, नवेच बूट आहेत, तेच द्या, त्या वाटेला काटे असतात. वहिनींनी बाजारातून चपला आणवल्या. "त्या वाटीनं चपला चालतीन. बूट तिकडचे आहेत."

गेल्या आठवड्यात मी केनवडला गेले. गावात हळद शिजत होती, तो वास आला आणि मला रडू कोसळलं. मला माझा भाऊ पाहिजे, दुसरं काही सुचत नाही. ओसरीत टीव्हीखाली बूट ठेवलेले. एक पांढराशुभ्र, दुसऱ्यावर काळी माती वाळून बसलेली. मी वहिनींना म्हटलं, "चला वहिनी, आपण दोघी जाऊ. तुम्हाला समुद्र दाखवते. दादाचे बूटही नेऊ सोबत." त्यांनी मान हलवली, हो म्हणाल्या. मला बरं वाटलं. मी तो मातीचा बूट उचलला, नळाशी गेले, नळ सोडला. वहिनी मागून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून बूट काढून घेतला.

"तिथं माती चालत नाही ना, ताई?"

"नाही."

त्यांनी बूट पदराखाली धरला. "मंग यायले कसं नेऊ? धुतलं तं यायच्या पायाची ही माती बी जाईन..."

मी नळ बंद केला.