कुठं उभं राहून मोजलं?

आपांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "घरी किती जण असता?" असं कुणी विचारलं, की त्या उलट विचारायच्या, "जेवायला की झोपायला?" समोरचा गडबडायचा. त्या मात्र गंमत करत नसायच्या. लातुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत झोपायला त्या एकट्याच असत. जेवायला मात्र हदगाव-देवणीकडून शिकायला आलेल्या, मेसच्या पातळ वरणाला विटलेल्या चार पोरी कायम.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शहरात गल्लोगल्ली क्लास निघाले तेव्हा त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं स्वतःचा क्लास काढला आणि आपांना गणित शिकवायला बोलावलं. तिथं ऑफिस मी सांभाळायचे. तो आम्हा सगळ्यांचा संचालक सर. आपांचा मात्र "काय रे".

प्रश्नाला प्रश्न करायची ही खोड त्यांना भूकंपानं लावली होती. औसा तालुक्यातल्या एका छावणीत त्या स्वयंपाकाकडं मदतीला होत्या. रांगेत ताटं मोजली जात, पत्र्याच्या शेडमध्ये माणसं. ताटं नेहमी जास्त भरायची. "कुणीतरी दोनदा जेवून राहिलंय, ताटं कमी करा," असं छावणीवरचा साहेब ओरडला. आपा संध्याकाळी एका ताटामागं चालत गेल्या. ताट घेतलेली बाई शेडकडं वळलीच नाही. ती सरळ पडलेल्या गावात गेली. तिचा नवरा ढिगाऱ्याशेजारी गुरं राखत झोपायचा. असे किती तरी नवरे तिथं होते. "चोर कुणीच नव्हतं बेटा," आपा सांगायच्या. "एकानं रांगेत उभं राहून मोजलं, दुसऱ्यानं शेडच्या दारात. आणि त्यापायी गुरं राखणारे उपाशी राहिले असते."

चोर ठरायची पाळी माझ्यावर आली ती क्लासच्या वेबसाइटमुळं. साइटवर किती लोक येतात, हे सांगणारं एक मीटर आमच्याकडं आधीपासून होतं. त्यातला आकडा मी दर सोमवारी सरांना सांगायचे. मग जाहिरातवाल्यानं दुसरं मीटर बसवलं, आणि त्यात निम्मेही लोक दिसेनात. सर भडकले. "मॅडम, इतके दिवस आकडे फुगवून सांगत होतात? महिनाअखेर दुसरीकडं बघा." माझी मुलगी त्याच क्लासमध्ये अकरावीला होती, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. माझी नोकरी गेली असती, तर तिची जागाही गेली असती.

मी आपांच्या घरी गेले. "रडतीस कशाला?" त्या म्हणाल्या. मी रडत नव्हते, शिव्या देत होते. पण आपा दोन्हीला रडणंच म्हणायच्या. "आधी बघू तर, कुणी कुठं उभं राहून मोजलंय."

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधी त्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसल्या. शिपायानं एकेक कॉम्प्युटर चालू केला. प्रत्येकावर पहिली उघडली ती आमचीच वेबसाइट. तसा सरांचाच हुकूम होता. पोरांनी सकाळी आधी क्लासचं नाव बघावं म्हणून. शिवाय व्हायरसच्या भीतीनं सगळ्या यंत्रांची आठवण रोज रात्री आपोआप पुसली जाई.

आपांनी सरांना आणि मला तिथंच बोलावलं. "हे बघ. तुझं जुनं मीटर येणाऱ्याच्या कपाळाला टिकली लावतं. टिकली दिसली, की म्हणतं, हा कालचाच. तुझे कॉम्प्युटर रोज रात्री तोंड धुतात. सकाळी सगळे नवे पाहुणे!"

"आणि नवं मीटर?"

"ते टिकली बघत न्हाई, दार बघतं. सगळी लॅब एकाच लाइनीवरून बाहेर पडते, म्हणून त्याच्या लेखी सगळे मिळून एक. नेट कॅफेत दहा यंत्रांवर दहा पोरी बसल्या, तरी एकच."

"मग खरा आकडा कोणता, आपा?"

"शाळेतल्यासारखं विचारू नको रे. दोघंही आपापल्या जागेवरून खरं बोलतात. आणि ही पोरगीसुद्धा. तिनं दिसलं ते सांगितलं. आता तू काय ते बोल तिच्याशी."

सरांना माफी मागता आली नाही. त्यांनी तीन चहा मागवले आणि पहिला कप माझ्यापुढं सरकवला. मला तेवढं पुरलं. मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली. तिला गणितातली संभाव्यता आपांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता शिकवली.

पुढं आपांचे गुडघे गेले, तेव्हा भाची त्यांना नांदेडला घेऊन गेली. मी बसनं भेटायला जायचे. "किती वेळ आहेस?" असं त्या दारातच विचारायच्या आणि वर म्हणायच्या, "बसचा वेळ धरून सांगू नको."

त्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आणि मुलगी पहिल्या गाडीनं निघालो. पोचेपर्यंत माती झाली होती. घरात चूल पेटलेली नव्हती. शेजारच्यांनी किटलीतून चहा आणला होता, तो मी वाटायला घेतला. उंबऱ्याशी उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणत होती, "लेकरू न्हाई, बाळ न्हाई. बिचारीच्या मागं कुणीच न्हाई बघा."

"कुठं उभं राहून मोजलं तुम्ही?" मी विचारलं.

मी तिच्या हातात कप दिला आणि आत गेले. आत कधीकाळी आपांकडं जेवलेल्या, वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वयांच्या बायका दाटीनं बसल्या होत्या. मला बसायला जागा नव्हती.